लिंबू, सोडा आणि तालमीतलं पोरगं

पत्र : ताई, माझा मुलगा १७ वर्षांचा आहे. बारावी सायन्सला आहे आणि सकाळ-संध्याकाळ तालमीत जातो. दोन महिन्यांपूर्वी माझ्या दिरांच्या ओळखीतले एकजण घरी आले. त्यांनी आमच्या नळाच्या पाण्यात कसले तरी थेंब टाकले, पाणी पिवळट झालं. ते पाणी अल्कलाइन करायचं मशीन विकतात. त्या मशीनच्या पाण्यात टाकले तर ते निळं-जांभळं झालं. म्हणाले, तुमचं पाणी ॲसिडिक, त्यानं शरीर ॲसिडिक होतं, सगळे आजार तिथूनच. मशीन सव्वा लाखाचं आहे, हप्त्यानं मिळतं. आमचे मिस्टर शिरोलीला फाउंड्रीत आहेत, एवढे पैसे कुठून आणायचे? मशीन घेतलं नाही म्हणून पोरानं स्वतःच सुरू केलं. लिंबू, टोमॅटो, दही, ताक, मटण बंद. सकाळी उपाशीपोटी खायच्या सोड्याचं पाणी. मेडिकलमधून पट्ट्या आणल्यात, रोज लघवीत बुडवून रंग बघतो, आणि रंग पिवळा आला की दिवसभर गप्प बसतो. पुढच्या महिन्यात कुस्तीचं मैदान आहे. वजन ६४ किलो भरतंय, पण ६१ च्या गटात खेळायचंय म्हणतो, शेवटचे दोन दिवस पाणी तोडणार आहे. मी काही बोलले की म्हणतो, आई, शरीर म्हणजे सगळी केमिस्ट्रीच असते, तुला नाही कळायचं. मला खरंच कळत नाही. माझं शिक्षण दहावीपर्यंत. मशीन घ्यावं का? आणि त्याला सांगू कसं?
– एक आई, मंगळवार पेठ, कोल्हापूर

प्रिय ताई,

मशीन घेऊ नका. सोड्याचं पाणी आजपासून बंद. आणि पाणी तोडून वजन उतरवायचा बेत काही झालं तरी होऊ देऊ नका, मग मैदान हुकलं तरी चालेल. हे तीन आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सावकाश वाचता येईल.

पुढचं जरा लांबेल, कारण ‘मला खरंच कळत नाही’ हे तुमचं वाक्य माझ्या मनाला लागलं. मी ३१ वर्षं इथल्याच ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवली. तुमच्या पोराच्या वयाची किती मुलं हाताखालून गेली. दहावी शिकलेल्या बाईला कळणार नाही असं यात काहीही नाही. रोज दूध विरजणारी, पुरणात गूळ घालणारी, पितळेची भांडी चिंचेनं घासणारी बाई आम्ल, म्हणजे आंबट ते, आणि अल्कली, म्हणजे चुन्या-सोड्यासारखं त्याच्या उलट ते, हातानं ओळखते, फक्त तिला ती नावं कुणी सांगितलेली नसतात.

पोराचं एक म्हणणं मात्र खरं आहे. शरीर केमिस्ट्रीवरच चालतं. त्याच्या ६४ किलोंपैकी ४० किलोंच्या वर तर नुसता ऑक्सिजन आहे, कारण अंगातलं पाणीच ३८ लिटरच्या आसपास भरतं. मग अकरा-बारा किलो कार्बन, सहा किलोंच्या पुढे हायड्रोजन, दोन किलो नायट्रोजन. किलोभर कॅल्शियम, ते जवळपास सगळं हाडांत आणि दातांत. तुमचे मिस्टर रोज लोखंडाचा रस ओततात. पोराच्या अंगात लोखंड आहे तीन-चार ग्रॅम, एका खिळ्याइतकं. त्यातलं बरंचसं रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये असतं, आणि तेवढ्यावर फुप्फुसातला ऑक्सिजन मांडीपर्यंत पोचतो. १८२८ मध्ये फ्रीडरिश व्होलर या जर्मन शास्त्रज्ञानं लघवीतला युरिया प्रयोगशाळेत तयार केला. तोवर लोकांची समजूत होती की जिवंत शरीरातले पदार्थ जिवंत शरीरच बनवू शकतं. आपण उसाला घालतो तो युरिया आणि अंगात तयार होतो तो युरिया, रेणू एकच. तेव्हा ‘केमिकल’ या शब्दाला तुम्ही भिऊ नका. पण केमिस्ट्री म्हणजे हिशेब. पोरगं शब्द बोलतंय, हिशेब करत नाही. तुमच्या घरात सगळं तिथं अडलंय.

हिशेब सांगायच्या आधी गुऱ्हाळाचं सांगते. माझे वडील गुळव्या, म्हणजे गूळ करणारे कारागीर होते. पन्हाळ्याच्या अंगाला आमचं गाव. दिवाळी झाली की वडील चार महिने गुऱ्हाळावरच, झोपायलासुद्धा घरी नाहीत. उसाचा रस गोड लागला तरी आंबट असतो. तो तसाच आटवला तर आतली साखर फुटते आणि गूळ बसत नाही, ढेप ओलसर राहते. म्हणून काहिलीतला रस तापत आला की वडील चुन्याची निवळी, म्हणजे चुना कालवून वर येतं ते स्वच्छ पाणी, घालायचे. रानभेंडीच्या चिकानं मळी वर यायची, ती काढून टाकायची, आणि निवळी मात्र बेतानं, पुन्हा बघून, पुन्हा थोडी. जास्त झाली तर गूळ काळपट पडणार, कमी झाली तर बसणार नाही. मी चुलवाणाच्या उबेला बसून बघायची. ते फेसाकडे बघायचे, वाफेचा वास घ्यायचे, निवळीचं भांडं हातात धरून थांबायचे. एवढं करून एका आदणाला तासन्‌तास जायचे आणि एवढा वेळ त्यांची नजर काहिलीवरून हटायची नाही.

वडील जे सांभाळत होते त्याला सामू म्हणतात. शेतकऱ्याला माती परीक्षणाचा कागद मिळतो, त्यावर हा शब्द असतो. पोराच्या पुस्तकातला पीएच तो हाच. १९०९ मध्ये सोरेन्सन नावाच्या डॅनिश शास्त्रज्ञानं ही मोजपट्टी काढली. ७ म्हणजे मध्य, खाली आम्ल, वर अल्कली. आणि एक पायरी म्हणजे दहा पट, दोन पायऱ्या म्हणजे शंभर पट. उसाचा रस पाच-सव्वापाचाच्या आसपास. लिंबाचा रस दोन-अडीच. आपल्या जठरातला रस दीड ते साडेतीन. आणि रक्त ७.३५ ते ७.४५.

हा शेवटचा आकडा जरा नीट बघा. माझ्या वडिलांना एवढ्या अरुंद पट्ट्यात रस धरून ठेवणं जन्मात जमलं नसतं. रक्ताचा सामू ६.८ च्या खाली किंवा ७.८ च्या वर गेला तर माणूस जगणं अवघड. तुमचं पोरगं जोर मारतंय, झोपलंय, तांबडा रस्सा ओरपतंय, उपाशी आहे, काहीही असो, आकडा तिथंच, आणि जोराच्या मेहनतीनं हलला तरी थोड्या वेळात पुन्हा तिथंच. म्हणजे आत कुणीतरी रात्रंदिवस निवळीचं भांडं धरून बसलेलं आहे. लिंबू खाल्ल्यानं रक्त आंबट झालं असतं तर आपल्या मिसळीवर लिंबू पिळणारं अख्खं कोल्हापूर कधीच आडवं झालं असतं.

आत बसलेलं म्हणजे काय काय? रक्तात बायकार्बोनेट, खायच्या सोड्यात असतं तेच, विरघळलेलं असतं. आम्ल आलं की ते त्याला धरतं आणि त्याचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड करून टाकतं. हा वायू फुप्फुसांतून बाहेर. आम्ल वाढलं की मेंदूला लगेच कळतं, श्वास खोल आणि भराभर होतो, वायू जास्त निघून जातो. दिवसाला अर्ध्या किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइड आपण असा फुंकून टाकतो. तो अंगातच राहिला असता तर त्याचंच कार्बोनिक आम्ल झालं असतं. म्हणजे ताई, शरीरातलं आम्ल बाहेर काढणारं सगळ्यात मोठं मशीन त्याच्या बरगड्यांत आहे.

तुम्ही कधी श्वास रोखून बघितलाय का? अर्ध्या मिनिटानंतर जी तडफड होते ती ऑक्सिजन संपल्याची नसते, तो तेव्हा पुरेसा असतो. साठत चाललेल्या कार्बन डायऑक्साइडची ती हाक असते. मी वर्गात पोरांना हे करायला लावायची आणि मग घड्याळ बघायला सांगायची. एरवी मागच्या बाकावर झोपणारीसुद्धा त्या दिवशी प्रश्न विचारायची.

श्वासानं न जाणारी आम्लंही असतात. मटणातल्या, डाळीतल्या, अंड्यातल्या प्रथिनांत गंधक असतं आणि ते अंगात जळलं की त्याचं गंधकाम्ल होतं. हो, बॅटरीत असतं तेच, फक्त अगदी थोडं. ते श्वासातून जाऊ शकत नाही. ते काम मूत्रपिंडांचं. दोन्ही मूत्रपिंडं मिळून दिवसाला १८० लिटरच्या आसपास द्रव गाळतात, त्यातलं बायकार्बोनेट जवळपास सगळं परत ओढून घेतात आणि जास्तीचं आम्ल दीड-दोन लिटर लघवीत घालून बाहेर टाकतात.

आता ती पट्टी. पोरगं रोज सकाळी ती लघवीत बुडवतं आणि पिवळी आली की समजतं, माझं अंग ॲसिडिक झालं. लघवीचा सामू साडेचारपासून आठपर्यंत कुठंही असू शकतो आणि त्यात काही बिघडलेलं नसतं. रात्रभर साठलेली सकाळची लघवी तर बहुतेक वेळा आम्लच असते. घर झाडून केर दारात टाकला आणि दारातला केर बघून कुणी म्हणालं की घर घाण आहे, तर आपण काय म्हणू? पट्टी पिवळी आली याचा अर्थ मूत्रपिंडांनी रात्रीचं काम केलं. ज्या रंगानं तो दिवसभर गप्प बसतो तो रंग त्याच्या तब्येतीची ग्वाही आहे. त्याला हे जरूर सांगा, आणि हसत हसत सांगू नका, नीट सांगा. दोन महिने ते पोरगं रोज सकाळी स्वतःला नापास करतंय.

लिंबाचंही उलटंच आहे. जिभेवर लिंबू आम्ल, यात वाद नाही. पण पोटात गेलेलं सायट्रिक आम्ल शरीर जाळून टाकतं, त्याचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतं आणि लिंबातल्या पोटॅशियमच्या क्षारांमुळे शिल्लक राहतं ते किंचित अल्कलीच्या बाजूचं. म्हणजे ज्या भीतीनं त्यानं लिंबू सोडलं, ती भीती त्याच्याच पुस्तकाप्रमाणे खोटी ठरते. शिवाय तो ज्या हौद्यात रोज लोळतो त्या लाल मातीत हळद, ताक आणि लिंबू कालवलेलं असतं, हे वस्तादांना विचारा म्हणावं.

मशीनकडे येऊ. घरी दाखवलेला प्रयोग खोटा नव्हता, त्याचा अर्थ खोटा होता. थेंब म्हणजे रंगद्रव्य, सामू बदलला की ते रंग बदलतं. तुमच्या घरातली हळद तेच करते. हळदीला चुना लावला की ती लाल होते, पूर्वी कुंकू तसंच करायचे. हळद पिवळी होती तेव्हा ती वाईट नव्हती आणि लाल झाली म्हणून औषध झाली नाही. रंगानं फक्त पाण्याचा सामू सांगितला. पिण्याच्या पाण्याचा सामू साडेसहा ते साडेआठ असावा असं भारतीय मानक आहे, आणि या पट्ट्यात कुठलाही रंग आला तरी सामूच्या बाबतीत पाणी पिण्याजोगंच.

आणि हा एक हिशेब पोराकडून पाटीवर करून घ्या, मी सांगितलाय म्हणून सांगा. मशीनच्या पाण्याचा सामू ९ धरा. जठरातल्या रसाचा २ धरा. ९ सामूच्या एक लिटर पाण्यात हायड्रॉक्साइड, म्हणजे अल्कलीचे कण, किती? दहाचा उणे पाचवा घात, इतके मोल. २ सामूच्या एक मिलिलिटर जठररसात हायड्रोजन आयन, म्हणजे आम्लाचे कण, किती? तेवढेच. म्हणजे लिटरभर मशीनच्या पाण्यातली अल्कली मारायला जठराचा एक मिलिलिटर रस पुरतो, पाव चमचासुद्धा नाही. पाण्यात आधीपासून विरघळलेले क्षार असतील तर रस जास्त लागेल, पण ते क्षार साध्या नळाच्या पाण्यातही असतातच. जठर दिवसाला दीड-दोन लिटर रस तयार करतं. सव्वा लाखाचं काम जठराच्या दारातच संपलं. बारावीच्या पोराला हे गणित दोन मिनिटांत सुटतं आणि एकदा स्वतःच्या हातानं सुटलं की मग त्याला कुणी फसवू शकत नाही.

दिरांचा प्रश्न नाजूक आहे, मला कळतं. त्यांच्याशी केमिस्ट्रीवर वाद घालू नका. ‘भाऊजी, हप्ता झेपत नाही, यंदा पोराची बारावी आहे,’ एवढं पुरे. ते खरंही आहे.

सोड्याबद्दल मला काळजी जास्त आहे. मशीनचं पाणी निरुपयोगी, पण सोडा निरुपद्रवी नाही. खायच्या सोड्याचा एक चमचा म्हणजे सव्वा ग्रॅमच्या आसपास सोडियम. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसालाही दिवसभराच्या सगळ्या खाण्यातून मिळून दोन ग्रॅमच्या आत राहा म्हणते. रोज असा सोडा घेतला तर रक्त अल्कलीकडे ढकललं जाऊ शकतं, पोटॅशियम उतरतं, स्नायूंत गोळे येतात, हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो. पैलवानाला यातलं काय परवडणार आहे? भरल्या पोटी सोडा घेतला तर आम्लाशी मिळून वायू होतो आणि पोट फुगतं, ते वेगळंच. खेळाडू सोड्याचा उपयोग करतात हे त्यानं कुठंतरी वाचलं असेल आणि त्यावर संशोधन झालेलं आहे, हे मी नाकारत नाही. पण ते मोजून-मापून, जाणकारांच्या देखरेखीखाली, एखाद्या स्पर्धेपुरतं. सतरा वर्षांच्या पोरानं रोज उपाशीपोटी घ्यायची ती गोष्ट नाही. दोन महिने घेतलाय, तेव्हा एकदा डॉक्टरांना दाखवा आणि सोड्याचं लपवू नका. रक्तातलं सोडियम-पोटॅशियम बघायचं की नाही ते डॉक्टर ठरवतील.

ॲसिडिटी, म्हणजे आपलं पित्त, हा वेगळा विषय आहे. ते जठरातलं आम्ल चुकीच्या जागी आल्याचं दुखणं. रक्ताचा सामू त्यानं बदलत नाही. रक्त खरोखर आम्ल होतं ते मोठ्या आजारात, जसं लहान वयातल्या मधुमेहात इन्सुलिन कमी पडलं तर. श्वास खोल आणि जोरात चालतो, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येतो, उलट्या होतात. त्याला पाणी बदलून चालत नाही, त्याच रात्री दवाखाना गाठावा लागतो.

आता कुस्ती. पोराला वाटतं, दम लागतो तो अंगातल्या ॲसिडमुळं. यात अर्धं खरं आहे. कुस्ती जोरात लागली की स्नायूंना लागणारी ऊर्जा ऑक्सिजनच्या वेगानं मिळत नाही, मग साखर अर्धवट तोडून काम चालवलं जातं आणि लॅक्टिक आम्लाचा भाग, लॅक्टेट, साठतो. हे लॅक्टिक आम्ल शेले नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं १७८० मध्ये आंबलेल्या दुधातून पहिल्यांदा वेगळं काढलं. म्हणजे तुमच्या विरजणाच्या भांड्यातलं आणि त्याच्या मांडीतलं आम्ल एकाच नावाचं. त्या दोन-चार मिनिटांत रक्ताचा सामू खरोखर ७.४ वरून ७.१ च्या आसपास येऊ शकतो. म्हणून तो हौद्याच्या कडेला बसून धापा टाकतो. त्या धापा म्हणजेच इलाज, आम्ल वायू होऊन बाहेर पडतंय. थोड्या वेळात सामू जागेवर. लॅक्टेट वाया जात नाही, रक्तातून यकृतात जातं आणि त्याची पुन्हा साखर बनते. कार्ल आणि गर्टी कोरी या नवरा-बायकोनं हे चक्र शोधलं, त्यांना १९४७ मध्ये नोबेल मिळालं. दुसऱ्या दिवशी अंग दुखतं ते ॲसिड साठल्यानं नव्हे, स्नायूंच्या धाग्यांना बारीक इजा झालेली असते त्यानं. ती भरून यायला प्रथिनं लागतात. त्याने बंद केलेलं दही, ताक, मटण म्हणजे नेमकी तीच.

आता जे मला सगळ्यात कळकळीनं सांगायचंय. पाणी तोडायचं नाही.

सिडनी रिंगर नावाचे एक डॉक्टर लंडनमध्ये १८८० च्या दशकात बेडकाच्या हृदयावर प्रयोग करत होते. शरीराबाहेर काढलेलं हृदय मिठाच्या द्रावणात धडधडत ठेवायचं. एकदा ते छान चालत राहिलं. नंतर कळलं की द्रावण शुद्ध, ऊर्ध्वपातित पाण्यात न करता नळाच्या पाण्यात केलं होतं. शुद्ध पाण्यात केलं की हृदय थांबायचं. नळाच्या पाण्यात कॅल्शियम होतं, फरक तेवढाच. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम ही तिन्ही ठरल्या प्रमाणात असली तरच हृदय चालतं, हे त्यातून कळलं. तुम्ही दवाखान्यात सलाईनच्या बाटलीवर ‘आरएल’ वाचलं असेल ना? त्यातला आर म्हणजे रिंगर, एल म्हणजे लॅक्टेट. ज्या लॅक्टिक ॲसिडला पोरगं भितं, त्याचाच क्षार डॉक्टर शिरेतून देतात, आणि यकृत त्याचं बायकार्बोनेट करून टाकतं.

पेशींच्या आत पोटॅशियम जास्त, बाहेर सोडियम जास्त. या फरकावर प्रत्येक ठोका आणि प्रत्येक हालचाल चालते. दोन दिवस पाणी तोडून, प्लास्टिकचं जॅकेट घालून पळून तीन किलो उतरवले की तो उतरलेला सगळा भाग पाणी आणि क्षार असतो. चरबी तशीच असते. रक्त दाट होतं, घाम आटतो, अंगातली उष्णता बाहेर पडायला वाट राहत नाही आणि हृदय जास्त जोरात, जास्त वेळा धडपडतं. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत कॉलेजचे तीन कुस्तीगीर असंच वजन उतरवताना सव्वा महिन्याच्या आत गेले. तिघंही तरुण, तिघंही तयारीचे. त्यानंतर तिथं कॉलेज कुस्तीचे वजनाचे नियम बदलावे लागले. ताई, हे घाबरवायला लिहीत नाही. पण याची भीती असायलाच हवी, तुम्हाला आणि त्यालाही.

तुम्ही स्वतः तालमीत जा. बाई म्हणून संकोच वाटला तर मिस्टरांना घेऊन जा, सुट्टीच्या दिवशी सकाळी. वस्तादांना सोड्याचं आणि पाणी तोडायचं दोन्ही सांगा. पोरगं तुमचं ऐकणार नाही, पण वस्तादांचा शब्द खाली पडू देणार नाही, हे कोल्हापुरात तुम्हाला मी काय सांगायचं! ६४ किलोचा पोरगा भरल्या अंगानं वरच्या गटात उतरला तर हरेल कदाचित, पण स्वतःच्या ताकदीनं लढेल. यंदा त्याच गटात नाव द्या. वजन खरंच कमी करायचं असेल तर ते मैदान संपल्यावर, महिन्या-दोन महिन्यांत, खुराक बघून.

मेहनतीनंतर त्याला काय द्यायचं? ताकात मीठ. दूध. किंवा लिंबाच्या पाण्यात साखर-मीठ. साखर आणि मीठ एकत्र असलं की आतडं दोन्ही मिळून ओढून घेतं आणि त्यांच्यामागून पाणी येतं. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बोनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी एवढ्याच ज्ञानावर कॉलऱ्याची हजारो माणसं वाचवली. सलाईन संपली होती, त्यांनी साखर-मिठाचं पाणी पाजायला सुरुवात केली आणि मृत्यूंचं प्रमाण तीस टक्क्यांवरून चारच्या खाली आलं. जुलाब झाले तर तुम्हीही घरी करू शकता : एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्यानं. मीठ अंदाजानं जास्त घालू नका.

त्याला सांगायचं कसं, हे तुम्ही विचारलंत. त्याचं चुकलं असं म्हणून सुरुवात करू नका. पट्टी विकत आणून रोज निरीक्षण करणारं पोर मला वर्गात मिळालं असतं तर मी त्याला पहिल्या बाकावर बसवलं असतं. त्याला फक्त एकच रंग बरोबर असं कुणीतरी शिकवलंय. ‘मला शिकव’ म्हणा. आई शिकायला बसली की पोरगं पुस्तक उघडतं, हे मी पालकांच्या सभेत शंभरदा बघितलंय. उरलेल्या पट्ट्या फेकू नका. एका रविवारी त्यानं सकाळी, जेवणानंतर, मेहनतीनंतर आणि झोपताना असं चारदा बघून वहीत लिहावं. एकाच दिवसात रंग किती हलतो ते त्याचं त्यालाच दिसेल. मग पट्ट्या संपल्या तरी नवीन आणायची गरज उरणार नाही.

आणि त्याच रविवारी हे करा. पानपट्टीवरून चुन्याची एक पुडी आणा. बाटलीभर पाण्यात चमचाभर कालवा, हात लावू नका, रात्रभर ठेवा. वरचं स्वच्छ पाणी काचेच्या पेल्यात अर्ध्यापर्यंत काढा, तेवढंच अजून साधं पाणी घाला. शीतपेयाची एक नळी त्यात बुडवून पोराला हळू फुंकायला सांगा. आत ओढायचं नाही, डोळे जरा लांब. थोड्याच वेळात पाणी दुधासारखं पांढरं होईल. आतून आलेल्या कार्बन डायऑक्साइडनं चुन्याला गाठलं, ती त्याचीच पांढरी भुकटी. तो थांबेल. तुम्ही थांबू देऊ नका, फुंकत राहा म्हणा, चार-पाच मिनिटं, दमला तरी. पाण्याचा दुधीपणा हळूहळू थोडा कमी व्हायला लागेल. जेवढी भुकटी विरघळली तिचं जे झालं, तेच बायकार्बोनेट.